आधी कासवाची भाषा

व्यापारी घरातील मूल दहा-अकरा वर्षांचे झाले की त्याच्या शिक्षणाविषयीचे प्रश्न बदलतात. तोवर शाळा कोणती आणि शिकवणी कोणाकडे, एवढेच विचारले जाते. त्यानंतर 'याचा पुढे उपयोग काय?' हा प्रश्न घरात शिरतो. त्यात गैर काही नाही. आपल्याकडे पैसा कष्टाने येतो आणि हिशेबाने जातो. शिक्षणाचा खर्चही त्याला अपवाद नसावा. अलीकडे या जुन्या प्रश्नाला एक नवे रूप आले आहे. मुलाला संगणकाची भाषा शिकवायची, हे बहुतेक घरांत ठरून गेले आहे. कोणती शिकवायची, यावर मात्र लग्नाच्या पंगतीपासून दुकानाच्या गादीपर्यंत चर्चा चाललेली असते.

मी लोअर परळला राहते. काही वर्षे हिशेबाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी केली आणि पुढे सासऱ्यांच्या दादरच्या कापडदुकानाचे हिशेब माझ्याकडे आले. गेल्या जून महिन्यापासून आमच्या इमारतीच्या सभागृहात दर रविवारी सकाळी मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. पहिल्या दिवशी चौदा मुले होती. बहुतेकांचे वडील कापड, भांडी, विजेचे सामान किंवा कागद यांच्या व्यापारातले. चार जुने लॅपटॉप, एक पांढरा फळा आणि बसायला सतरंजी, एवढीच आमची सामग्री. मुलांसाठी मी जी भाषा निवडली तिचे नाव 'लोगो'. तिच्यात पडद्यावर एक कासव असते आणि सारे शिक्षण त्या कासवाला आज्ञा देण्यापासून सुरू होते.

तीन महिन्यांनी पालकांची बैठक झाली. एका पालकांनी सरळच विचारले, "भाभी, हे कासव शिकून मुलगा पुढे काय करणार? बाजारात तर सगळे पायथन मागतात." दुसऱ्यांनी एका खासगी वर्गाचे माहितीपत्रक पुढे ठेवले. तीन महिन्यांत मुलाकडून मोबाइलचे ॲप तयार करवून घेण्याचे आश्वासन त्यात होते. तिसरे म्हणाले, की ही भाषा त्यांच्या थोरल्या मुलीला तिसरीत होती, आता कोणी तिचे नावही घेत नाही. प्रश्न सगळे रास्त होते. बैठकीत दहा मिनिटांत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. परंतु हा प्रश्न आमच्या इमारतीपुरता नाही, म्हणून तो येथे सविस्तर मांडते.

लोगो ही भाषा १९६७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे तयार झाली. वॉली फॉयरझाइग, सिमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन ही तिच्या कर्त्यांतील प्रमुख नावे. पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतील गणितज्ञ. मुले विचार कसा करतात याचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हा येथे काही वर्षे काम केले होते. लोगोमधील कासव प्रथम खरेखुरे यंत्र होते. जमिनीवर कागद पसरायचा, त्यावर ते चालायचे आणि पोटाखालच्या लेखणीने रेघ ओढायचे. पुढे ते पडद्यावर आले.

या कासवाला नकाशा कळत नाही. आपल्या समोर काय आणि आपली उजवी बाजू कोणती, एवढेच त्याला कळते. 'फॉरवर्ड १००' म्हटले की ते शंभर पावले पुढे जाते. 'राइट ९०' म्हटले की जागच्या जागी उजवीकडे काटकोनात वळते. हेच चार वेळा करायचे असेल तर 'रिपीट ४' असे लिहून पुढे चौकटी कंसात दोन्ही आज्ञा द्यायच्या. चौरस तयार होतो. आता त्रिकोण काढा, असे मी म्हणते तेव्हा जवळजवळ प्रत्येक मूल साठ अंश लिहिते, कारण समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा असतो हे त्याने पाठ केलेले असते. कासव भलतीकडेच जाते. मग मी त्या मुलाला उठवते आणि सभागृहाच्या फरशीवर स्वतः त्रिकोणात चालून दाखवायला सांगते. कोपऱ्यावर आल्यावर आपल्याला साठ नव्हे, एकशेवीस अंश वळावे लागते, हे त्याला स्वतःच्या पायांनी समजते. आकृतीचा आतला कोन आणि चालणाऱ्याचे वळण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला मग फळा लागत नाही. पूर्ण फेरी मारून पहिल्या जागी, पहिल्याच दिशेला तोंड करून आलो तर एकूण वळण तीनशेसाठ अंश होते, हा नियमही मुलांनी असाच चालता चालता शोधला.

भाषा म्हणून लोगो थोडी विक्षिप्त आहे. तिच्यात अवतरणचिन्ह एकाच बाजूला लागते, शब्दाच्या सुरुवातीला. ते बंद करायचे नसते. एखाद्या नावाखाली पन्नास हा आकडा ठेवायचा असेल तर 'मेक' लिहून पुढे एकेरी बाजूचे अवतरणचिन्ह लावून 'दर' आणि मग ५० लिहायचे. तोच आकडा परत हवा असेल तर 'दर' या शब्दाआधी दोन टिंबे द्यायची. काहीच चिन्ह न देता नुसते 'दर' लिहिले, तर संगणक ती आज्ञा समजतो आणि तसे काम करायला बघतो. इंग्रजी व्याकरण नुकतेच शिकलेल्या मुलांना हे पाहून हसू येते. परंतु त्या विचित्र चिन्हांत एक मोठी शिकवण दडलेली आहे. बरणीवरची चिठ्ठी वेगळी, बरणीतली साखर वेगळी आणि 'साखर मोजून दे' ही आज्ञा वेगळी. रूढ भाषांतून हे तीन भेद पुष्कळदा एकाच शब्दामागे झाकले जातात आणि नवशिक्याचा गोंधळ तेथूनच सुरू होतो. लोगोमध्ये प्रत्येकाची खूण निराळी असल्यामुळे मुलाला दर वेळी थांबून विचार करावा लागतो, की मला नाव हवे आहे, माल हवा आहे, की काम करून हवे आहे.

दुसरी गोष्ट तिच्या बोलण्याच्या रीतीची. एखादा शब्द चुकला तर बहुतेक भाषा 'व्याकरण चुकले' अशा अर्थाचा रुक्ष निरोप देतात. लोगो म्हणते, मला हे कसे करायचे ते ठाऊक नाही. मुलाने 'चौकोन' ऐवजी 'चौकन' टाइप केले, तर 'चौकन' कसे करायचे ते ठाऊक नाही, असे उत्तर येते. या उत्तरामुळे मूल चुकलेले राहत नाही; शिकवणारे होते. कारण पुढचा मार्ग उघड असतो: ठाऊक नाही, तर शिकवावे. 'टू चौकोन' असे लिहून खाली कृती द्यायची आणि 'एंड' म्हणून संपवायचे. त्या क्षणापासून संगणकाच्या शब्दकोशात एका शब्दाची भर पडते, तीही रोमन अक्षरांत लिहिलेल्या आपल्या मराठी शब्दाची. आमच्या वर्गातील संगणकांना आता पतंग, पणती, जिना आणि तागा हे शब्द येतात.

आता बाजाराचा प्रश्न. कापडाच्या दुकानात नवा मुलगा कामाला आला की त्याला कोणी पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसवत नाही. आधी काही महिने तो तागे उलगडतो आणि घड्या घालतो. घड्या घालण्याला बाजारात वेगळा भाव नाही. परंतु त्या कामातून त्याच्या बोटांना सूत कळते, पन्हा नजरेत बसतो, कोणता माल कोठे ठेवला आहे हे पाठ होते. ज्याने घड्या घातल्या नाहीत तो विक्रेता गिऱ्हाइकासमोर उभा राहिला की लगेच ओळखू येतो. पहिली संगणक-भाषा ही घड्या घालण्यासारखी आहे.

शिवाय बाजारभावावर पहिली भाषा निवडायची म्हटले, तर तो भाव किती वर्षे टिकतो हेही पाहावे लागेल. १९९० नंतरच्या दशकात हिशेबाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांमध्ये फॉक्सप्रोला मोठी मागणी होती. मी स्वतः त्यावर नोकरी मिळवली. २००७ साली मायक्रोसॉफ्टने त्याची पुढील आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि आज ते शिकवा म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. त्यातून माझ्याजवळ राहिले ते एवढेच: मोठे काम लहान भागांत तोडणे, प्रत्येक भाग वेगळा तपासणे आणि उत्तर संशयाने पाहणे. आमच्या वस्तीला तर हे निराळे सांगावे लागू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर येथील गिरण्यांचे काय झाले, ते घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जेथे माग चालत होते तेथे आज काचेची कार्यालये आहेत. ज्या कामाला आज मागणी आहे त्याला मूल मोठे होईपर्यंत ती राहील, असे गृहीत धरून दहा वर्षांच्या मुलाचे शिक्षण बेतणे धाडसाचे आहे.

आणि ज्या पायथनचे नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे, तिचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? पायथनचे कर्ते खिदो व्हॅन रॉसम हे त्याआधी ॲमस्टरडॅम येथील एका संशोधन संस्थेत 'एबीसी' नावाच्या भाषेवर काम करत होते. ती भाषा नवशिक्यांसाठी होती. बाजारात ती चालली नाही. परंतु ओळी आत सरकवून रचना दाखवण्याची तिची पद्धत आणि सोपेपणाचा तिचा आग्रह रॉसम यांनी बरोबर घेतला आणि १९९१ साली पायथन लोकांसमोर आली. म्हणजे आजची बाजारातली आघाडीची भाषा एका न खपलेल्या शिकवणीच्या भाषेतून जन्माला आली आहे. व्यापाऱ्याने हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

'पण कासव म्हणजे बालिशपणा' असा आक्षेप राहतोच. त्याचे उत्तर आपल्याच शहरात, पवईला आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी प्रोग्रामिंगच्या प्रारंभिक शिक्षणासाठी 'सिम्पलसीपीपी' नावाची जोडणी तयार केली. सी प्लस प्लस ही उद्योगात वापरली जाणारी, कठीण मानली गेलेली भाषा. तिच्यात एखादी कृती पुन्हा पुन्हा करायची तर नवशिक्याला पहिल्याच दिवशी तीन भागांची किचकट रचना समजून घ्यावी लागते. रानडे यांनी तिला 'रिपीट' ही सोपी आज्ञा जोडली आणि पडद्यावर कासव आणून ठेवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाचा आरंभ कासवाकडून चौरस काढून घेण्यापासून होतो. देशातील अतिशय कठीण प्रवेशपरीक्षांपैकी एक उत्तीर्ण झालेल्या तरुणांनाही जर कासवापासून सुरुवात करणे कमीपणाचे वाटत नाही, तर आपल्या अकरा वर्षांच्या मुलांना का वाटावे? त्याच संस्थेत प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला तयार केली; तिच्यात 'स्क्रॅच' ही चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याची भाषा वापरली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेनेही दोन दशकांहून अधिक काळ आपला प्रोग्रामिंगचा पहिला अभ्यासक्रम 'स्कीम' नावाच्या, कंसांनी गजबजलेल्या भाषेत शिकवला. तिच्यात दोन अधिक तीन हे 'अधिक दोन तीन' असे लिहावे लागते. व्यापारी कंपन्यांत ती फारशी कोणी वापरत नव्हते, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक होते. विद्यार्थ्याचे लक्ष चिन्हांच्या पाठांतराकडून विचाराकडे वळावे, एवढाच हेतू होता.

या सगळ्यात आपल्या घरांचे नेमके काय पणाला लागले आहे, हे मला दुकानात समजले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. आम्ही बिलाचा नवा प्रोग्राम घेतला होता. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी एक बिल हातात घेऊन मला बोलावले. कापड हजार रुपयांचे, सूट दहा टक्के, म्हणजे नऊशे. कापडावर पाच टक्के कर. तो बिलातच दाखवलेली सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागायला हवा, म्हणजे पंचेचाळीस रुपये. प्रोग्रामने पन्नास लावले होते. त्याने कर आधी काढला होता आणि सूट नंतर दिली होती. दुकानातील तिन्ही विक्रेत्यांनी दिवसभर ती बिले फाडली, कारण 'मशीनने काढले आहे'. सासऱ्यांनी संगणक कधी हाताळला नव्हता. त्यांच्या शाळेत मात्र पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी पाठ करून घेतली जात असे. औटकी म्हणजे साडेतीनचे पाढे. आज ते सांगितले तर मुले चकित होतात. त्या पाढ्यांना स्वतःचा बाजारभाव कधीच नव्हता. पण त्यांच्यामुळे आकडा नजरेखालून जाताना सासऱ्यांना तो खटकला.

पुढच्या पिढीला दुकान चालवताना पाढ्यांइतकीच आणखी एक गोष्ट लागणार आहे: यंत्राने हे उत्तर कोणत्या क्रमाने काढले असेल, याचा अंदाज. मालाचा साठा, उधारी, कर, सूट, सगळे आता प्रोग्रामच्या पोटात आहे. ज्याने स्वतः एकदा तरी आज्ञांचा क्रम चुकवून वाकडे चित्र काढले आहे, त्याला 'आधी कर की आधी सूट' हा प्रश्न आपोआप सुचतो. ज्याने तयार ॲपचे तुकडे शिक्षकांच्या सांगण्यावरून जागच्या जागी डकवले आहेत, त्याला तो सुचेलच असे नाही. म्हणून पहिली भाषा अशी हवी, की जिच्यात चूक लपत नाही आणि चुकीची लाजही वाटत नाही.

आमच्या वर्गात भांड्यांच्या व्यापाऱ्यांची एक मुलगी आहे. ती सहावीत आहे. आली तेव्हा तिने पहिलेच वाक्य सांगितले, "काकी, मला गणित येत नाही." हे तिला कोणीतरी पुरते पटवून दिलेले होते. आधी ती एका ठिकाणी प्रोग्रामिंग शिकायला गेली होती. तेथे समोरच्या पडद्यावरील ओळी उतरवून घ्यायच्या असत आणि एक टिंब राहिले की सगळे तांबडे होई. भाद्रपदात मी मुलांना सांगितले, की पाच, सहा, सात, आठ बाजूंच्या आकृत्या काढा आणि त्यांच्यापासून रांगोळी तयार करा. पाचला बहात्तर, सहाला साठ, आठला पंचेचाळीस अंश, ही वळणे सगळ्यांनी शोधली. सातला गाडे अडले. तिने एकावन्न अंश लिहिले. सातवी रेघ पहिलीला जुळेना, अगदी बारीक फट राहिली. बावन्न लिहिले, रेघा एकमेकींवर गेल्या. बाकीच्या मुलांनी सात सोडून दिले. ती बसून राहिली. मग तिने वहीत भागाकार केला. सात एकावन्ने तीनशे सत्तावन्न, तीन उरले. ते तीन अंश म्हणजेच आपली फट, हे तिला दिसले. थोड्या वेळाने तिने आकड्याच्या जागी '३६० भागिले ७' असे लिहिले आणि उरलेला भागाकार यंत्रावर सोपवला. आकृती मिटली. तिने मला हाक मारली नाही. पुढे नऊ, अकरा, तेरा अशा आकृत्या ती स्वतःच काढत राहिली आणि शेवटी बाजूंची संख्या सांगितली की हवी ती आकृती काढून देणारा एकच शब्द तिने संगणकाला शिकवला. तिच्या वडिलांना तिने घरी जाऊन काय सांगितले, मला माहीत नाही. बैठकीत मात्र ते गप्प बसले होते आणि मुलीला वर्गातून काढण्याची गोष्ट त्यांनी केली नाही.

लोगोची आणखी एक खुबी अशी, की शिकवलेला शब्द स्वतःच स्वतःला बोलावू शकतो. एखादी संख्या घ्या, निम्मी करा आणि एक उरेपर्यंत तीच कृती पुन्हा करा, असा शब्द मुलांनी लिहिला. बत्तीसला पाच पायऱ्या लागतात, एक हजार चोवीसला दहा. या पायऱ्यांच्या मोजणीला आपल्या परंपरेत नाव आहे. वीरसेनाचार्यांच्या 'धवला' या नवव्या शतकातील टीकेत तिला 'अर्धच्छेद' म्हटले आहे. तो ग्रंथ हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून छापून निघू लागला. आधुनिक गणितात जिला दोन या पायाचा लॉगॅरिदम म्हणतात तीच ही कल्पना. मुलांना मी ती खेळातून दाखवली. मनात एक ते हजार यांपैकी कोणताही आकडा धरा; प्रत्येक प्रश्नाला उरलेल्या आकड्यांपैकी निम्मे बाद करत गेल्यास दहा प्रश्नांत तो सापडतोच. क्रमाने लावलेल्या हजार बिलांतून एक बिल शोधण्याची युक्तीही हीच. हे सगळे समजायला महागडे यंत्र लागत नाही. लोगोच्या चांगल्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात आणि दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतात.

या भाषेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिच्यात मोठे व्यावसायिक काम कोणी करत नाही. इतरांनी तयार करून ठेवलेली साधने पायथनमध्ये विपुल आहेत, तशी येथे नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना कासव कधी कधी अपमानास्पद वाटते. त्यांचा मान राखावा. ज्या तरुणाला सहा महिन्यांत नोकरी धरायची आहे त्याने सरळ पायथनपासून आरंभ करावा. मीही त्याला तेच सांगेन. सात-आठ वर्षांच्या, टंकलेखन न येणाऱ्या मुलांना स्क्रॅच अधिक सोयीची. आणि लोगोवरून पुढे जाणाऱ्यांचा रस्ताही तुटलेला नाही, कारण पायथनसोबतही एक कासव मिळते. फॉरवर्ड आणि राइट हे तेथेही तसेच चालतात. आमची मुले दिवाळीच्या सुटीनंतर तिकडे वळणार आहेत.

बैठकीनंतर चौदांपैकी पाच मुले कमी झाली. त्यांतील तिघे त्या ॲपच्या वर्गाला गेले. भेटले की ते मला आपले काम दाखवतात आणि मी ते आवडीने पाहते. नऊ मुले राहिली. ज्या पालकांना असाच निर्णय करायचा आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की वर्ग निवडताना भाषेच्या नावाबरोबर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलाची चूक झाली तर ती शोधायला त्याला वेळ दिला जातो की शिक्षक लगेच दुरुस्त करून पुढे जातात? मुलाने केलेले काम त्याने आजीला समजेल अशा शब्दांत सांगावे, असा आग्रह आहे का? आणि समोर काही उतरवून घ्यायला नसताना, कोऱ्या पडद्यावर ते काही करू शकते का? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर भाषा कोणतीही असो, पैसे योग्य जागी गेले असे समजावे.

भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी गेल्या महिन्यात मुलीला दुकानाच्या सुटीचा तक्ता प्रोग्राममध्ये बसवायला सांगितले आहे. पाचशेच्या वरच्या खरेदीला पाच टक्के, दोन हजारांच्या वर आठ टक्के. तिचे काम अजून अर्धे आहे. मधले आकडे बरोबर येतात. परवा ती वडिलांना विचारत होती, "पप्पा, बरोब्बर पाचशेचे बिल असेल तर सूट द्यायची की नाही?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि दुकानात फोन लावला. गल्ल्यावरचे दोन गुमास्ते गेली कित्येक वर्षे दोन निरनिराळी उत्तरे देत होते.